आधी जागा, मग साडी: साखरपुड्याच्या फोटोंसाठी कपडे निवडताना

साखरपुड्याची तारीख ठरली की घरात पहिली धांदल उडते ती साडीची. नायगावहून नाहीतर वसई रोडहून गाडी पकडून दादर गाठायचं, हिंदमाता पालथी घालायची, दुकानातूनच दोन्हीकडच्या आयांना फोनवर पदर दाखवायचा, यात रविवारमागून रविवार जातात. फोटो कुठे काढायचे हे मात्र शेवटच्या आठवड्यात ठरतं. मग वसईच्या किल्ल्यातल्या काळ्या दगडासमोर गर्द जांभळी साडी उभी राहते आणि फोटोत चेहरा आणि हात तेवढे उरतात. साडीही सुंदर असते आणि किल्लाही. फक्त त्यांची गाठ घालून देण्याआधी कुणी विचार केलेला नसतो.

म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी जागा, मग वेळ, मग रंग, मग कापड, त्यानंतर शिलाई आणि शेवटी घरच्या घरी तालीम. आपण उमेळ्यात, उमेळमानला, पापडीला किंवा नायगावात राहत असाल तर पुढे येणारी ठिकाणं आपल्या ओळखीचीच आहेत.

सुरुवातीला एक गोष्ट वेगळी काढू. साखरपुड्याच्या दिवशी हॉलमध्ये निघणारे फोटो निराळे. तिथे साडी बहुतेक सासरकडून आलेली असते, दिवे हॉलचे असतात आणि निवडायला फारसा वाव नसतो. आपण बोलतो आहोत ते त्याआधी किंवा नंतर फक्त दोघांनी जाऊन काढायच्या फोटोंबद्दल. ते फोटो पत्रिकेवर येतात, हॉलच्या दाराशी मोठ्या चौकटीत लागतात आणि पुढे वर्षानुवर्षं घराच्या भिंतीवर राहतात. मोठ्या चौकटीत कापडाची प्रत्येक चुणी दिसते, एवढं ध्यानात ठेवूनच कपडे निवडायचे.

पहिली पायरी जागेची. उमेळ्याच्या आसपास चार तऱ्हांच्या जागा मिळतात आणि चारही एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. खाडीच्या अंगाला मिठागरं आहेत: उघडं आभाळ, पाण्याचे आरसे, मिठाच्या पांढऱ्या राशी आणि पायाखाली चिकट काळा चिखल. वाड्यांमध्ये केळी, नारळ, भाजीचे वाफे, कुठे मोगरा, कुठे सोनचाफा, आणि नशीब असेल तर एखादं न बुजवलेलं बावखल. पश्चिमेला समुद्र: सुरूची बाग, भुईगाव, राजोडी, कळंब, पुढे अर्नाळा. आणि चौथी जागा म्हणजे किल्ला.

किल्ल्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्म्या जोड्यांच्या मनात तोच असतो. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा किल्ला आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे. फिरायला गेल्यावर हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणं वेगळं, आणि ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, दिवे, धुराच्या नळकांड्या, भाड्याचे गाऊन घेऊन केलेलं व्यावसायिक चित्रण वेगळं. दुसऱ्यासाठी आधी परवानगी लागते. छायाचित्रकार ‘तिथे सगळेच काढतात’ म्हणाला तर त्यावर विसंबू नका. परवानगीचा कागद बघायला मागा. नाहीतर सजूनधजून दारात पोचल्यावर परत फिरायची वेळ येते. आणि आत गेलात तर पडक्या चर्चच्या फरशीत कोरीव अक्षरांच्या शिळा दिसतील. त्या थडग्यांच्या आहेत. त्यांवर गाऊनचा घेर पसरून बसू नये. बुरुजाच्या कडेवर चढणं, भिंतीला रंग किंवा फुलं चिकटवणं हेही नको. किल्ला पुढच्या जोड्यांसाठीही उरायला हवा.

मिठागर आणि वाडी या कुणाच्या तरी मालकीच्या जागा आहेत. आदल्या आठवड्यात जाऊन विचारा. मिठागरात बांधावरूनच चाला, वाफ्यात पाय घालू नका. वाडीवाल्याला विचारलंत तर तो कुठल्या कोपऱ्यात सकाळचं ऊन येतं हेही सांगेल, आणि ती माहिती कुठल्याही छायाचित्रकाराला नसते.

एका दिवसात दोनच जागा ठेवाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. किल्ला, समुद्र, वाडी, तुंगारेश्वर असा बेत आखला की रस्त्यावरच्या गर्दीत ऊन निघून जातं आणि कपडे गाडीत चुरगळतात.

दुसरी पायरी वेळेची. उगवतीनंतरचा आणि मावळतीआधीचा साधारण तासभर ऊन तिरकं आणि मऊ असतं. त्यात साडीची जर तापत नाही, डोळे मिचकावे लागत नाहीत. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि पांढरा कुर्ता नुसता पांढरा डाग होतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातनंतर. म्हणजे एकच ‘संध्याकाळी पाच’ ही वेळ डिसेंबरात योग्य असते आणि मेमध्ये घामाची.

समुद्रावर आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती भरती-ओहोटीची. ओहोटीला पाणी दूर जातं आणि ओली, गडद पुळण उरते. भरतीला उभं राहायलाच जागा कमी. त्या दिवशीची वेळ आधी बघून ठेवा, कोळीवाड्यात कुणालाही विचारलं तरी कळेल. पावसाळ्यात मात्र समुद्राचा हट्ट नको. तेव्हा वाड्या हिरव्यागार असतात, तिकडे जावं.

आता तिसरी पायरी, रंगाची. इथे थोडं थांबू.

साधा नियम असा की पाठीमागे जो रंग आहे तो अंगावर नको, आणि पाठीमागे जितका गडदपणा आहे तितका अंगावरही नको. किल्ल्याचा दगड काळा बसाल्ट. त्यासमोर काळा, गर्द निळा, वांगी रंग बुडतो. मोतिया, आंब्याचा पिवळा, अबोली, गुलबक्षी, डाळिंबी उठून दिसतो. पण हाच किल्ला पावसाळ्यात शेवाळ आणि वेलींनी हिरवा होतो, तेव्हा पिस्ता किंवा मेहंदी रंगाची साडी भिंतीत मिसळते आणि लालसर छटा खुलतात. म्हणजे नुसतं ‘किल्ला’ म्हणून भागत नाही, महिनाही सांगावा लागतो.

केळीच्या वाडीत पोपटी साडी म्हणजे साडी हरवण्याचा खात्रीचा उपाय. तिथे हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, राणी, पांढराशुभ्र. मिठागरात सगळं फिकं असतं, आभाळ, पाणी, मीठ. तिथे गर्द रंगांना कुणी स्पर्धक नाही. जांभळी, मोरपंखी, गडद मरून साडी न्यायची असेल तर ती किल्ल्यात नव्हे, मिठागरात न्या. समुद्रावर मावळतीला पाठीमागे केशरी उजेड असतो, म्हणून केशरी आणि पीच रंग विरघळतात. निळसर, हिरवट किंवा पांढरा रंग वेगळा राहतो.

रंग चेहऱ्यावर सांडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भडक पोपटी किंवा झगमगीत गुलाबी कापडावर ऊन पडलं की त्याचा रंग उसळून हनुवटीखाली आणि गालावर येतो. चेहरा हिरवट दिसला की दोष कॅमेऱ्याला दिला जातो. छायाचित्रकार ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं हे कॅमेऱ्यात ठरवतो, पण एका गालावरचा हिरवा आणि दुसऱ्यावरचा नैसर्गिक रंग एकाच वेळी तो सुधारू शकत नाही. गळ्याजवळ, म्हणजे ब्लाउज, कॉलर आणि खांद्यावरचा पदर इथे, शांत रंग ठेवा. भडकपणा हवा असेल तर तो निऱ्यांकडे जाऊ द्या.

कातडीच्या रंगाबद्दल घरात जी कुजबूज होते, तिच्याबद्दलही बोलायला हवं. सावळ्या मुलीने फिकंच नेसावं, ही समजूत फोटोत टिकत नाही. डाळिंबी, मोहरीचा पिवळा, मोरपंखी, गर्द हिरवा हे रंग सावळ्या चेहऱ्यावर फार देखणे दिसतात. छायाचित्रकाराला आधीच सांगून ठेवा की उजेड चेहऱ्यावर बेतायचा आणि नंतर संगणकावर कुणालाही गोरं करायचं नाही. ज्या घरात मुलगी जाणार आहे त्या घराच्या भिंतीवर तिचा स्वतःचाच चेहरा असला पाहिजे.

दोघांची जोडी जुळवताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एकाच ताग्यातून तिचा घागरा आणि त्याचा कुर्ता शिवला की दोघं शेजारी उभे राहिल्यावर एकच मोठा रंगाचा पट्टा दिसतो, माणसं सुटी दिसत नाहीत. त्यापेक्षा एकाने गर्द, दुसऱ्याने फिकं घ्यावं आणि एखादा धागा जुळवावा. उदाहरणार्थ, तिची डाळिंबी पैठणी आणि मोरपंखी काठ असेल, तर त्याचा मोतिया कुर्ता आणि जाकीट त्या काठाच्या रंगाचं. किंवा त्याचा कुर्ता राखाडी आणि खांद्यावरचं उपरणं डाळिंबी काठाचं. एवढी ओळख पुरते.

इथे एक खाचखळगा आहे. काठाचा मोरपंखी आणि जाकिटाचा मोरपंखी दुकानात एक वाटतात आणि उन्हात एक निळा, एक हिरवा निघतो. दुकानातले दिवे आणि बाहेरचं ऊन यांत रंग वेगळे दिसतात, त्यातून रेशीम आणि सुती कापडाने रंग वेगळा धरलेला असतो. म्हणून साडी सोबत न्या आणि दोन्ही कापडं घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात उभे राहा. तंतोतंत जुळलं नाही तर जवळपासची छटा घेऊ नका, सरळ वेगळा रंग घ्या. दोन जवळजवळ सारखे लाल शेजारी आले की चुकलेले वाटतात. लाल आणि मोतिया कधीच चुकलेले वाटत नाहीत.

कपड्यांचा थाटही दोघांचा सारखा हवा. ती पैठणीत आणि तो जीन्समध्ये असेल तर फोटो दोन वेगवेगळ्या समारंभांतून कापून जोडल्यासारखा दिसतो. तिने सुती किंवा खणाची साडी नेसली तर त्याला साधा कुर्ता शोभतो. तिने भरजरी काढली तर त्यानेही जाकीट, फेटा किंवा शेरवानी काढावी.

रंग ठरवण्याआधी घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: कुठली गोष्ट कुठल्या दिवसाची? हिरवा चुडा, मुंडावळ्या, मंगळसूत्र, हळदीची पिवळी साडी या लग्नाच्या गोष्टी आहेत, त्या आधीच्या फोटोंत येऊ नयेत असं बहुतेक घरांत वाटतं. वसईतल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या दिवशी पांढरा गाऊन असणार असेल तर या फोटोंत दुसरा रंग घेतलेला बरा. त्या दिवसाची नवलाई त्या दिवसासाठी राहते. काळ्या रंगाबद्दलही विचारून घ्या. काळी चंद्रकळा लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला कौतुकाने नेसतात, पण साखरपुड्याच्या फोटोत काळं पाहून एखाद्या आजीच्या मनात पाल चुकचुकते. साखरपुडा व्हायच्या आधी फोटो काढत असाल तर बोटात अंगठी घालायची की नाही, हेही आधीच ठरवा. तिथे ऐन वेळी फोनाफोनी नको.

चौथी पायरी कापडाची. डोळ्याला जे कापड आवडतं ते कॅमेऱ्याला आवडेलच असं नाही.

बारीक चौकडी आणि बारीक रेघा जपून वापरा. कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, बारीक ठिपक्यांच्या जाळीची असते. कापडावरच्या रेघा तितक्याच बारीक असल्या की दोन्हींच्या जाळ्या एकमेकींत अडकतात आणि शर्टावर इंद्रधनुषी लाटा उमटतात. याला मोअरे म्हणतात. ऑफिसला घालायच्या बारीक रेघांच्या शर्टात हे हमखास होतं. ठसठशीत चौकडीत होत नाही.

हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं, कारण वसईत आजीच्या पेटीतलं तांबडं चौकडीचं लुगडं असण्याची शक्यता फार. कुपारी घरांत ते अजून जपलेलं असतं. असं लुगडं असेल तर नवी साडी घेण्याआधी ते काढून बघा. या मातीतल्या जोडीला त्याच्याइतका शोभणारा कपडा हिंदमातेत मिळणार नाही. नेसवायला आजीलाच बोलवा, कारण नेसण्याची तऱ्हा समाजागणिक बदलते आणि ‘साधारण तसंच’ नेसलेलं जाणत्या डोळ्याला लगेच कळतं. फक्त आधी घडीच्या रेषा उजेडासमोर धरून पाहा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड त्या रेषेवर विरतं आणि ताण बसला की तिथेच फाटतं. विरलं असेल तर ते नेसू नये, खांद्यावर किंवा मांडीवर घेऊन एखादा फोटो काढावा.

पैठणीचं एक वैशिष्ट्य या फोटोंत फार कामी येतं. धूपछाव पैठणीत ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचे आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, दुसऱ्या रंगाचे असतात. कापड सरळ समोरून पाहिलं तर एक रंग, दुमडलं किंवा कलतं झालं की दुसरा. सपाट उजेडात हे दिसत नाही. तिरक्या उन्हात, ती चालत असताना, निऱ्यांच्या प्रत्येक घडीवर दोन्ही रंग आळीपाळीने उमटतात. जांभळ्यातून लाल, हिरव्यातून सोनेरी. धूपछाव घेतली असेल तर छायाचित्रकाराला सांगा की ऊन बाजूने येईल असं उभं करा आणि काही फोटो चालताना काढा. उलट जरीवर समोरून फ्लॅश मारला की पदराचे मोर जाऊन तिथे पांढरे चट्टे येतात. फ्लॅश नको, हेही आधीच बोलून ठेवलेलं बरं.

तलम कापडाची अडचण मावळतीला कळते. बॅकलाइट, म्हणजे पाठीमागून येणारा उजेड, जॉर्जेट आणि शिफॉनच्या आरपार जातो आणि पायांचा आकार स्पष्ट दिसतो. समुद्रावर जायचं असेल तर साडीखाली त्याच रंगाचा, घोट्यापर्यंत पोचणारा, जाडसर परकर हवाच. पांढऱ्या कुर्त्याचंही तेच: आतली गंजी शुभ्र पांढरी असली तर ती कुर्त्यातून ठळक दिसते, अंगाच्या रंगाची असली तर दिसत नाही.

वारा हा समुद्रावरचा तिसरा पाहुणा. हलकी साडी उडते, सुंदर उडते, पण पदर चेहऱ्यावर येतो. पदर खांद्यावर आतून पिन लावून बसवा आणि मागचा भाग मोकळा सोडा. लिनन दिसतं छान, पण गाडीत अर्धा तास बसलं की मांडीवर चुण्या पडतात; लिनन घालणाऱ्याने ते फोटोच्या जागी पोचल्यावरच घालावं.

लांब घेराचे भाड्याचे गाऊन आता सर्रास मिळतात. ते घ्यायचे असतील तर हरकत नाही, पण दोन गोष्टी पाहून घ्या. ते सगळ्यांना बसावेत म्हणून पाठीला दोरीने आवळलेले असतात, त्यामुळे पाठमोरे फोटो चांगले येत नाहीत. आणि घेर उचलायला, हवेत फेकायला तिसरं माणूस लागतं. मिठागराच्या चिखलात तो घेर नेऊ नये. तो डाग निघत नाही आणि अनामत रक्कम जाते.

पाचवी पायरी शिलाईची. लग्नसराईत शिंपी हातात येत नाहीत, म्हणून ब्लाउज महिनाभर आधी टाकावा. फॉल-पिको त्याआधी. ब्लाउज आणताना नुसतं आरशासमोर उभं राहून ‘बसला’ म्हणू नका. हात वर करा, पुढे वाका, जमिनीवर मांडी घालून बसा, सोबत आलेल्या बहिणीला मिठी मारा. फोटोत हे सगळं करायचंच आहे. काखेत ओढ बसली किंवा पाठीचा हूक ताणला तर तिथल्या तिथे सैल करून घ्या. गळा फार खोल असेल तर प्रत्येक फोटोआधी हात पदराकडे जातो, आणि अवघडलेपण कपड्यात नाही तर चेहऱ्यावर दिसतं.

नऊवारी नेसायची असेल तर नेसवणारी व्यक्ती त्या दिवशी नक्की येणार ना, हे बघा. नाहीतर शिवलेली घ्या. किल्ल्याच्या पायऱ्या, बांध, पुळण, सगळीकडे काष्ट्यात चालणं सोपं जातं, हा नऊवारीचा मोठा गुण.

मुलाच्या कपड्यांकडे घरात कुणाचं लक्ष नसतं, त्यामुळे खरी घसरण तिथे होते. तयार कुर्त्याची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी. खाली उतरली तर कितीही महाग कुर्ता उसना आणल्यासारखा दिसतो. बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी, कारण अंगठीचे फोटो हातांचेच असतात. कुर्त्याच्या खिशातून मोबाइल, पाकीट, गाडीची चावी काढून ठेवायची. तो फुगवटा प्रत्येक फोटोत मांडीवर बसतो. धोतराची सवय नसेल तर शिवलेलं धोतर घ्यावं. केस कापायचे असतील तर चार-पाच दिवस आधी, आदल्या दिवशी नको.

पायांत काय, हा प्रश्न शेवटी येतो आणि ऐन वेळी घरातल्या स्लीपरवर निभावतं. कोल्हापुरी सगळ्या मराठी कपड्यांखाली शोभते, पण तिचं कातडं पाण्याने बिघडतं, म्हणून पुळणीवर ती हातात किंवा पिशवीत. तिथे अनवाणी पाय सुंदर दिसतात, नखं मात्र नीट कापलेली हवीत. पावसाळ्यात किल्ल्यातला दगड शेवाळाने निसरडा होतो, उंच टाचा अजिबात नकोत. दागिन्यांत ठुशी किंवा तन्मणी, दोन्हींपैकी एकच; नथ घालणार असाल तर घरी तासभर घालून बघा, टोचणारी नथ हसू देत नाही. चष्मा रोजचा असेल तर तो राहू द्या, काचेवरचं प्रतिबिंब टाळायला मान किंचित खाली झुकवली की पुरतं.

सहावी पायरी तालमीची, आणि ही कुणीच करत नाही. ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी, त्याच वेळी, दोघांनी पूर्ण कपडे घालून गच्चीवर किंवा अंगणात यावं आणि भावाबहिणीला फोनवर फोटो काढायला सांगावं. जमलं तर ठरलेल्या जागीच जा, निदान त्या जागेचा एक फोटो काढून आणा आणि शेजारी ठेवा. मग हे सगळे फोटो फोनमध्येच कृष्णधवल करून पाहा. रंग निघून गेल्यावर फक्त गडद आणि फिकं उरतं. ती आणि तो एकमेकांत मिसळले, किंवा दोघंही पाठीमागच्या भिंतीत मिसळले, तर काहीतरी बदलायला हवं. बहुतेक वेळा त्याचं जाकीट किंवा तिचा ब्लाउज बदलला तरी काम होतं, साडी बदलावी लागत नाही. याच तालमीत गंजी दिसते का, परकर आखूड आहे का, पदर कुठे घसरतो, हेही कळतं.

कपडे किती जोड? दोन पुरेत. एक भरजरी, एक साधा. साध्यात रोजचे, आवडते, धुऊन मऊ झालेले कपडे असले तर उत्तम. त्या फोटोंत माणसं मोकळी दिसतात, आणि पुढे तेच फोटो घरच्यांना सर्वांत जास्त आवडतात असं मी पाहत आले आहे. तीन-चार जोड घेतले की निम्मा वेळ बदलण्यात जातो. शिवाय बदलायचं कुठे? पुळणीवर किंवा मिठागरात आडोसा नसतो. जवळ नातेवाइकांचं घर असेल तर त्यांना आधी सांगा, किंवा भरजरी कपडे घरूनच घालून निघा आणि साध्या कपड्यांवर शेवटी या. ओलं आणि चिखलाचं ठिकाण नेहमी शेवटी.

निघताना एका पिशवीत सेफ्टी पिना, सुईदोरा, दोन्ही कपड्यांच्या रंगाचे धागे, टिकल्या, कंगवा, घाम टिपायला सुती रुमाल, पाणी, ओलं फडकं आणि जमिनीवर टाकायला जुनी चादर घ्या. कपडे घडी करून नको, हँगरवर लावून गाडीत टांगा. सोबत घरचं एकच माणूस असावं, ज्याला कॉलर वळलेली आणि निरी सुटलेली दिसते. चार माणसं आली की चार बाजूंनी सूचना येतात आणि दोघं लाजून ताठ होतात.

फोटो झाले की थकून साडी तशीच पिशवीत कोंबली जाते. खाडीच्या आणि समुद्राच्या हवेतला खारा ओलावा जरीला काळं पाडतो, म्हणून घरी आल्या आल्या साडी उलगडून सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. जरीवर थेट अत्तर फवारू नका. वाळली की मलमलच्या पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला. भाड्याचे कपडे परत देताना दुकानदारासमोर उलगडून दाखवा आणि अनामत तिथेच परत घ्या. आणि साखरपुड्याच्या दिवशी तोच ब्लाउज पुन्हा घालायचा असेल तर काखेतला घाम आधी साफ करून घ्या, मगच तो इस्त्रीला द्या. घामावरून गरम इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो.